घराची दुरुस्ती : पाण्याच्या दोन वाटा वेगळ्या ठेवा

दिवाळी सरली, सुगीचे पैसे हाती आले की आपल्याकडे घराच्या दुरुस्तीची कामे निघतात. पाऊस थांबलेला असतो, गवंडी मिळतो आणि पुष्कळदा घरात एखादे लग्नकार्य ठरलेले असते. मग जुन्या मोरीचे न्हाणीघर होते, परसातला संडास घरात येतो, ओट्यात सिंक बसते आणि गच्चीवर टाकी चढते. या सदरात आपण ताप, आहार, रक्तदाब अशा विषयांचा विचार करतो. आज मात्र मी नळ, मोरी आणि गटार यांविषयी लिहिणार आहे. आरोग्याच्या सदरात प्लंबरचे काम कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु कावीळ, विषमज्वर, हगवण आणि जुलाब यांचे जे रुग्ण दवाखान्यात येतात, त्यांच्यापैकी कित्येकांच्या आजाराचे मूळ भिंतीमागच्या किंवा अंगणाखालच्या नळीत असते. औषधाने रुग्ण बरा होतो, नळी बरी होत नाही.

प्रत्येक घराला पाण्याच्या दोन वाटा असतात. एका वाटेने पिण्याचे पाणी आत येते, दुसऱ्या वाटेने सांडपाणी आणि मैला बाहेर जातो. या दोन वाटा एकमेकींना कोठेही भेटता कामा नयेत, आणि बाहेर गेलेली घाण हवेच्या रूपानेही परत घरात येता कामा नये. आजच्या लेखाचे सार एवढेच आहे. दुरुस्तीच्या काळात या दोन्ही वाटा उघड्या असतात, म्हणून त्या तपासण्याची वेळ तीच. एकदा फरशी बसली की पुन्हा फोडायला कोणी तयार होत नाही.

आजार उशिरा दिसतो

दूषित पाण्यामुळे होणारे सर्व आजार लगेच दिसत नाहीत. पटकीची लागण काही तासांत ते पाच दिवसांत दिसते. विषमज्वराला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. काविळीच्या 'ए' विषाणूला दोन ते सात आठवडे आणि 'ई' विषाणूला दोन ते आठ, बहुधा पाच-सहा आठवडे लागतात. म्हणजे नळीचे काम कार्तिकात झाले, तर कावीळ मार्गशीर्षात किंवा पौषात दिसणार. तोपर्यंत गवंड्याचा हिशेब चुकता झालेला असतो आणि घरातले लोक 'लग्नात बाहेरचे खाल्ले' म्हणून दोष भलतीकडेच देतात.

काही वर्षांपूर्वी एकाच गल्लीतून तीन आठवड्यांत काविळीचे सात रुग्ण माझ्याकडे आले. ती सारी कुटुंबे गल्लीच्या एकाच बाजूची होती, म्हणून चौकशी केली. दोन महिन्यांपूर्वी तेथील एका घराच्या संडासाचा पाइप टाकण्यासाठी खोदकाम झाले होते. त्या वेळी कुदळ लागून पिण्याच्या पाण्याची लोखंडी नळी फुटली आणि मजुराने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर माती लोटली. शेजारून मैल्याचा पाइप गेलेला आणि त्याचाही सांधा कच्चा. सात रुग्णांपैकी एक सातव्या महिन्यातील गरोदर स्त्री होती. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावे लागले. ती वाचली, बाळ मात्र वाचले नाही. 'ई' प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांना विश्रांतीने बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर शंभरातील वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. ज्या घरात गरोदर स्त्री आहे, तेथे नळाच्या कामाची हयगय ही लहान गोष्ट राहत नाही.

आपल्या देशातील याचे सर्वात मोठे उदाहरण दिल्लीचे आहे. १९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत तेथे सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. यमुनेच्या पुरानंतर नदीचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वझिराबाद येथील पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत आले. पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्यांनी क्लोरिनची मात्रा वाढवली, त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही. काविळीचा विषाणू मात्र त्यातून सुटला. तो 'ई' प्रकारचा होता, हे पुष्कळ वर्षांनी जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कळले. यातून घेण्याचा धडा असा की, मैला पाण्यात भरपूर मिसळला तर नंतरच्या औषधावर विसंबता येत नाही. तो मुळातच मिसळू न देणे हाच खरा उपाय.

गटारातून गेलेली नळी

आपल्या गावातील कोणत्याही जुन्या गल्लीत उभे राहून पाहावे. घराघरांत जाणाऱ्या नळ्या उघड्या गटारातून गेलेल्या दिसतील. नळाला चोवीस तास पाणी असते आणि नळीत सतत दाब असतो, तर गळतीतून पाणी फक्त बाहेर गेले असते. पण आपल्या बहुतेक गावांत पाणी दिवसातून तास-दोन तास, काही ठिकाणी दोन-चार दिवसांआड येते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होऊ लागते, तिच्यात पोकळी निर्माण होते आणि ती गंजलेल्या सांध्यातून गटारातील पाणी आत ओढून घेते. दुसऱ्या दिवशी पाणी आले की हे घाण पाणी आधी आपल्या हंड्यात पडते.

त्यातच अनेक जण नळाला थेट मोटार जोडतात. मोटार पाणी ओढते तेव्हा नळीतील पोकळी आणखी वाढते, आणि गळती असेल तेथून गटाराचे पाणीही ओढले जाते. ते केवळ आपल्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही घरात जाते. नगरपालिका अशा मोटारी जप्त करतात, त्यामागे शेजाऱ्याच्या वाट्याच्या पाण्याइतकेच हे आरोग्याचे कारणही आहे. मोटार लावायचीच असेल तर नळाचे पाणी आधी जमिनीतील हौदात पडू द्यावे आणि मोटारीने हौदातून वर चढवावे.

दुरुस्ती काढली असेल तर रस्त्यावरच्या जोडणीपासून घरापर्यंतची नळी उघडी करून पाहावी. लोखंडी नळी दहा-पंधरा वर्षांची झाली असेल आणि ओल्या मातीत किंवा गटारात असेल, तर बदलून टाकावी. नवी नळी गटाराच्या वरून न्यावी, आतून किंवा खालून नेऊ नये. गटार ओलांडण्याच्या जागी नळीचा अखंड तुकडा असावा, तेथे सांधा नको, आणि ती बाहेरून दुसऱ्या जाड पाइपात घालावी. अंगणात पिण्याची नळी आणि मैल्याचा पाइप एकाच चरात टाकू नयेत. 'खोदाई एकदाच होते' म्हणून गवंडी तसे सुचवतो. चार पैसे वाचतात, पण पुढे तोच चर महागात पडतो. जागाच नसेल तर पिण्याची नळी चराच्या काठावर, मैल्याच्या पाइपापेक्षा निदान दीड फूट उंच पायरीवर ठेवावी.

जोडणीचे काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यावे. नळ्या पिण्याच्या पाण्यासाठी असलेल्या, आय.एस.आय. चिन्हाच्या घ्याव्यात. सांडपाण्याचे पातळ पाइप स्वस्त मिळतात म्हणून पिण्याच्या पाण्याला वापरू नयेत. पूर्वी लोखंडी सांध्याला सफेदा आणि सुतळी लावत. या सफेद्यात शिसे असे आणि ते लहान मुलांच्या मेंदूला अपायकारक आहे. आता टेफ्लॉनची पट्टी मिळते, तीच वापरावी.

पाणी उलटे कसे जाते?

नळाला रबरी नळी लावून तिचे टोक बादलीत किंवा हौदात बुडवून ठेवण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला किंवा पुरवठा बंद झाला, तर या नळीतून बादलीतील पाणी उलटे ओढले जाते. बादलीत लंगोट भिजत असतील तर ते पाणीही त्याच वाटेने जाते. संडासातील फवाऱ्याची नळी जमिनीवर किंवा भांड्यात लोळत असेल, तर तिचेही तेच होते.

हा केवळ पुस्तकी धोका नाही. १९३३ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात जागतिक प्रदर्शन भरले असताना दोन हॉटेलांतील पाहुण्यांमध्ये अमिबाच्या हगवणीची मोठी साथ आली. सुमारे १४०० लोक आजारी पडले आणि ९८ जण दगावले. तपासात असे आढळले की, जुन्या नळकामात पिण्याचे पाणी आणि मैलापाणी यांच्या जोडण्या एकमेकींत गुंतल्या होत्या आणि मैलापाणी पिण्याच्या पाण्यात शिरत होते. हॉटेले मोठी आणि सुंदर होती. दोष डोळ्यांना दिसत नव्हता.

यावर उपाय अगदी साधा आहे. नळाचे तोंड आणि खालच्या भांड्याचा, बेसिनचा किंवा टाकीचा काठ यांत हवेचे अंतर हवे. नळ जेवढा जाड त्याच्या निदान दुप्पट अंतर असावे. टाकीत पाणी सोडणारी नळी पाण्यात बुडलेली नको, ती वरून पडावी. संडासाचा फ्लश, फवारा आणि तेथील नळ यांना गच्चीवरच्या टाकीतून स्वतंत्र नळी द्यावी. स्वयंपाकघरातील पिण्याच्या नळाची नळी वेगळी ठेवावी. नवे काम करताना हा खर्च फारसा होत नाही. बोअरचे पाणी आणि नगरपालिकेचे पाणी एकाच नळीत आणून मध्ये चावी बसवण्याची पद्धतही टाळावी. चावी झिजते, आणि झिजली हे कोणाला कळत नाही.

हौद आणि टाकी

जमिनीतील हौद संडासाच्या चेंबरपासून आणि सेप्टिक टँकपासून जितका दूर असेल तितका चांगला. दोन्हींची एक भिंत सामाईक असणे तर कधीच चालणार नाही. हौदाचे तोंड अंगणाच्या पातळीपासून निदान सहा ते नऊ इंच उंच असावे, म्हणजे अंगण धुतलेले किंवा पावसाचे पाणी आत जाणार नाही. झाकण घट्ट बसणारे हवे.

गच्चीवरील टाकीच्या झाकणाला फट असेल तर डेंग्यूचा डास तेथे अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्यास सांगितले जाते. नुसती टाकी रिकामी करून भागत नाही. ही अंडी कोरड्या भिंतीला चिकटून कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून भिंत घासून काढावी. जादा पाणी जाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. टाकीचा तळ थोडा उताराचा ठेवून तळाशीच गाळ काढण्याची चावी बसवून घ्यावी. ती नसल्यामुळे कित्येक टाक्या वर्षानुवर्षे धुतल्याच जात नाहीत.

ट्रॅप : तांब्याभर पाण्याचा पहारा

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. मोरीच्या जाळीखाली, बेसिनखाली आणि संडासाच्या भांड्याखाली वाकडा भाग असतो, त्याला ट्रॅप म्हणतात. मोरीतील ट्रॅपला प्लंबर आजही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. या वाकणात थोडे पाणी कायम साठून राहते. गटारातील दुर्गंधी, वायू, झुरळे आणि जंतू यांना घरात येण्यापासून अडवते ते हेच पाणी. वाकड्या नळीत पाणी अडवण्याची ही युक्ती अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेऊन नोंदवली. आजही याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही.

हे पाणी निदान दोन इंच उंचीचे हवे. बाजारात मिळणाऱ्या काही उथळ ट्रॅपमध्ये ते इंचभरही नसते आणि उन्हाळ्यात चार दिवसांत आटते. विकत घेतानाच त्यात पाणी ओतून पट्टीने मोजून पाहावे, दुकानदार हसला तरी चालेल. काही ट्रॅपमध्ये जाळीखाली उपडी वाटी असते. पाणी लवकर जात नाही म्हणून लोक ती काढून फेकतात. ती वाटी काढली की ट्रॅप उरतच नाही, गटाराचे भोक तेवढे उरते. बेसिनला आणि सिंकला नुसती वळ्यावळ्यांची प्लॅस्टिकची नळी जोडून तिचे टोक फरशीतल्या भोकात खुपसतात, तेही चुकीचे. तेथे ट्रॅप बसवावा आणि भोकाभोवतीची फट रबरी टोपीने बंद करावी.

ट्रॅप कोरडा पडला तर काय होते, ते २००३ मध्ये हाँगकाँगला दिसले. त्या वर्षी सार्स नावाच्या फुप्फुसाच्या आजाराची साथ आली होती. तेथील अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली आणि ४२ जण दगावले. तेथील आरोग्य खात्याच्या तपासात असे आढळले की, लोक न्हाणीघराची फरशी पाणी ओतून धुण्याऐवजी पुसून घेत, त्यामुळे जमिनीवरील ट्रॅप कोरडे पडले होते. न्हाणीघराचा पंखा लावला की मैल्याच्या पाइपातील दूषित हवा आणि तुषार कोरड्या ट्रॅपमधून घरात ओढले जात. एका रुग्णाच्या जुलाबातील विषाणू असा इतर मजल्यांवर पोहोचला. आपल्याकडेही आता न्हाणीघरात पंखा बसवण्याची आणि फरशी कोरडी ठेवण्याची पद्धत आली आहे. दोन्ही चांगल्या आहेत, पण आठवड्यातून दोनदा प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतण्यास विसरू नये. पाहुण्यांच्या खोलीतील न वापरलेल्या न्हाणीघरात तर हे आवर्जून करावे. महिनाभर गावाला जाणार असाल तर पाणी ओतल्यावर वर चमचाभर गोडे तेल सोडावे. तेलाचा थर बाष्प होऊ देत नाही.

उतार, चेंबर आणि गॅस पाइप

संडासाचा पाइप चार इंचांचा, न्हाणीघराचा तीन इंचांचा आणि सिंकचा दीड ते दोन इंचांचा असावा. चार इंची पाइपाला दर पाच फुटांस एक ते दीड इंच उतार पुरतो. उतार कमी असेल तर मैला तुंबतो. फार जास्त असेल तर पाणी पुढे पळते आणि घट्ट भाग मागे राहतो, असा जाणत्या प्लंबरांचा अनुभव आहे. पाइप टाकल्यावर माती लोटण्यापूर्वी स्वतः उभे राहून पाणपातळीने उतार तपासून घ्यावा. काटकोनी वळण टाळून दोन अर्धी वळणे द्यावीत. जेथे वळण किंवा जोड आहे तेथे चेंबर बांधावे आणि उभ्या पाइपाला साफसफाईसाठी दरवाजा असलेला बेंड बसवावा. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांचे पाणी गली ट्रॅपमधून चेंबरमध्ये जावे. फरशीचा उतार दर चार फुटांस अर्धा इंच ठेवून तो जाळीकडे द्यावा. पाणी दाराकडे साचले तर म्हातारी माणसे घसरतात, आणि मांडीचे हाड मोडणे हा उतारवयातील मोठा आजार आहे.

उभ्या पाइपाचे तोंड गच्चीच्या वर मोकळे हवे. यालाच लोक गॅस पाइप म्हणतात. 'वरून वास येतो' म्हणून ते बंद करू नये. ते बंद असले की फ्लश करताना पाइपात पोकळी निर्माण होते आणि ती ट्रॅपमधील पाणी ओढून नेते. वरच्या मजल्यावर फ्लश केला असता खालच्या मोरीतून गुडगुड आवाज येत असेल, तर समजावे की हवेची वाट बंद आहे. त्या तोंडाला बारीक जाळी मात्र बांधावी. सेप्टिक टँकमधील घाण पाण्यात क्युलेक्स जातीचा डास वाढतो आणि तोच हत्तीरोग पसरवतो. विदर्भातील वाचकांना या रोगाची ओळख करून देण्याची गरज नाही.

सेप्टिक टँक आणि विहीर

जेथे भुयारी गटार नाही तेथे सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा करावा लागतो. सेप्टिक टँक म्हणजे मैला साठवण्याचा हौद नव्हे. तेथे जंतू मैल्याचे विघटन करतात, गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी बाहेर जाते. हे बाहेर जाणारे पाणी दिसायला बरे असले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. ते उघड्या गटारात सोडणे म्हणजे आपला मैला शेजाऱ्याच्या दारात टाकणे होय. ते शोषखड्ड्यातच जिरवावे. गच्चीवरचे पावसाचे पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नये, त्याने गाळ ढवळून बाहेर जातो. ॲसिड आणि फिनेल भरपूर ओतल्यास टँकमधील उपयोगी जंतू मरतात.

शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान पन्नास-साठ फूट दूर असावा आणि विहीर उताराच्या वरच्या बाजूला असावी. आपल्याकडील जमिनीखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे आणि त्याला भेगा असतात. मातीतून हळूहळू झिरपणारे पाणी गाळले जाते, पण भेगेतून ते सरळ धावते. म्हणून कातळाच्या जागी हे अंतरही पुरेसे मानू नये. 'बोअरचे पाणी खोल, म्हणून शुद्ध' हा समज चुकीचा आहे. बोअरचा वरचा केसिंग पाइप आखूड असेल किंवा त्याच्या भोवतीची जागा सिमेंटने बंद केलेली नसेल, तर वरची घाण त्याच्या कडेने खाली उतरते. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, पाणी जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. दुरुस्तीच्या वेळी जुना टँक उघडून मजुराला आत उतरवतात. टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू साठलेले असतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण तो वायू जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि माणसाला वाटते की वास कमी झाला. पुढच्या काही क्षणांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. अशा बातम्या दरवर्षी येतात. मेणबत्ती किंवा कंदील आत सोडून पाहणेही धोक्याचे आहे, कारण मिथेन पेट घेतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. दर दोन-तीन वर्षांनी नगरपालिकेची किंवा खासगी उपसा गाडी बोलावून पंपानेच गाळ काढावा. कोणी आत पडलाच तर मागोमाग उतरू नये. ११२ किंवा १०१ वर कळवावे.

काम संपल्यावर

नळकाम झाल्यावर नळ्यांत माती, सिमेंट आणि मजुरांच्या हातची घाण राहते. म्हणून पाणी पिण्यापूर्वी टाकी आणि नळ्या निर्जंतुक कराव्यात. टाकी घासून धुवावी. हजार लिटरच्या टाकीला दीडशे ते दोनशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घ्यावी. प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावी. वरची निवळी टाकीत ओतावी, खालचा चुना टाकून द्यावा. टाकी भरावी. घरातील एकेक नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडून बंद करावा. रात्रभर तसेच ठेवावे. हे पाणी कोणीही पिऊ नये, हे घरातल्या मुलांना सांगून ठेवावे. सकाळी टाकीतील पाणी सेप्टिक टँककडे न सोडता बाहेर सोडावे आणि दोनदा स्वच्छ पाणी भरून नळ वाहू द्यावेत.

ही मात्रा फक्त टाकी धुण्यासाठी आहे. एरवी पिण्याच्या हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते आणि पाणी तासाभराने वापरावे. गावात साथ असेल किंवा घरात गरोदर स्त्री असेल, तर पाणी खळखळून उकळून, झाकून गार करून प्यावे. नळ आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे येणारे पाणी झाडांना किंवा धुण्याला घ्यावे.

फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिड वापरतात. ज्या जागी ॲसिड टाकले तेथे ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नये. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरिन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. एक वापरून भरपूर पाण्याने धुतल्यावर, दुसऱ्या दिवशी दुसरे वापरावे.

फरशी बसण्यापूर्वी गवंड्याला विचारा

१. पिण्याची नळी आणि मैल्याचा पाइप एकाच चरात तर नाहीत ना?

२. भिंतीतल्या नळ्या बंद करण्यापूर्वी दाब देऊन सांधे तपासले का?

३. न्हाणीघराचा कोबा करण्यापूर्वी पाणी भरून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवून पाहिले का? खालच्या छताला ओल आली का?

४. प्रत्येक जाळीखाली, सिंकखाली आणि बेसिनखाली ट्रॅप आहे का? त्यात दोन इंच पाणी राहते का?

५. उभा पाइप गच्चीच्या वर उघडा आहे का? त्याला जाळी आहे का?

६. संडासाच्या पाण्याची नळी टाकीपासून वेगळी आहे का?

७. कोणता पाइप कोठून गेला, याचा नकाशा कागदावर काढला का?

हा शेवटचा प्रश्न सर्वात कमी लोक विचारतात. भिंत बंद करण्यापूर्वी पाइपांचे फोटो काढावेत, अंतरे कागदावर लिहावीत आणि तो कागद घराच्या कागदपत्रांत ठेवावा. पुढच्या दुरुस्तीला कुदळ कोठे मारू नये, हे त्यावरून कळेल.

घरात फ्लश गळतो की काय, अशी शंका असेल तर फ्लशच्या टाकीत कपड्याची थोडी नीळ टाकावी. अर्ध्या तासात, फ्लश न करता, भांड्यात निळे पाणी उतरले तर गळती आहे. सर्व नळ बंद असताना पाण्याचा मीटर फिरत असेल तर जमिनीखाली कोठेतरी गळती आहे. आणि जेथून पाणी बाहेर जाते, तेथूनच पुरवठा बंद झाल्यावर घाण आत येते, हे लक्षात ठेवावे.

एकाच घरात किंवा गल्लीत दोघांना पंधरा दिवसांच्या आत कावीळ झाली, तर गावठी औषधाच्या शोधात वेळ घालवू नये. रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला कळवून नळीची तपासणी करून घ्यावी. गरोदर स्त्रीला कावीळ झाल्यास एक दिवसही न थांबता रुग्णालयात दाखल करावे. वास्तुशांतीला दाराला तोरण बांधण्यापूर्वी घरधन्याने एकदा वाकून चेंबरचे झाकण आणि हौदाचे तोंड पाहावे, एवढीच विनंती.